नुस्ते (मासळी) बंद झाल्यावर: गोव्याच्या स्वयंपाकघरात वनस्पतीआहाराचे पथ्य

डॉक्टरांनी कागदावर "मासळी-मटण-अंडी बंद, दूध-तूप बंद, तेल-मीठ-साखर मोजून, भाज्या आणि कडधान्ये वाढवा" असे लिहून दिले की गोव्यातल्या घरात पहिला सवाल एकच असतो: मग जेवायचे काय? दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओट्स, किन्वा आणि बदामाच्या दुधाची पिशवी घेऊन येते. थोडे दिवस ते चालते. मग एका रविवारी शेजारच्या घरातून बांगडा तळल्याचा वास येतो आणि पथ्य मोडते.

मला मनापासून वाटते की ती पिशवी आणायची गरजच नाही. सोमवारी, श्रावणात, चवथीला आपल्याकडे जे शिवराक, म्हणजे मासळी-मटणाशिवायचे, रांधतात, ते पथ्याच्या फार जवळ आहे. खतखते (अनेक भाज्यांचा रस्सा), मूगागाठी (मुगाची आमटी), अळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक म्हणजे वाटणाचा दाट रस्सा, फुटी कढी यांत दूध नाही, अंडे नाही, मैदा नाही. त्या स्वयंपाकात बदल करायचे ते तीनच: नारळ आवरायचा, कडधान्य वाढवायचे, आणि मासळीतून जे मिळत होते ते दुसरीकडून भरून काढायचे.

आधी कागद नीट वाचा

पथ्य कशासाठी आहे हे विचारून घ्या. कोलेस्टेरॉलसाठी, रक्तदाबासाठी, साखरेसाठी की मूत्रपिंडासाठी, यावर ताट बदलते. पुढचे सगळे पहिल्या तिघांना बहुतेक लागू पडते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे जसेच्या तसे उचलू नका. कडधान्ये, कंद, पालेभाज्या आणि शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते आणि आजारी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. अशा रुग्णाचे ताट आहारतज्ज्ञानेच आखून द्यायला हवे.

इथेच आपल्या परसातल्या दोन फळांबद्दल सांगते. ज्यांना बाहेर स्टारफ्रूट म्हणतात ती करमलं मूत्रपिंडाच्या रुग्णाने अजिबात खाऊ नयेत. त्यातले विषारी द्रव्य मेंदूपर्यंत पोचते आणि न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, असे जिवावर बेतू शकते. बिंबलांत, म्हणजे बिलिंबीत, ऑक्झॅलिक आम्ल फार असते. आमटीत दोन-चार टाकली तर निरोगी माणसाला काही होत नाही, पण "कोलेस्टेरॉल उतरते" असे ऐकून रोज पेलाभर रस पिणाऱ्यांची धडधाकट मूत्रपिंडेही बिघडल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. घरगुती औषध म्हणून हा रस कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना आधी विचारा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका. त्यातले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर ताट बदलल्यावर साखर खाली येऊ शकते, तेव्हा पहिले काही आठवडे ती जास्त वेळा तपासा आणि औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

नारळ: सगळ्यात अवघड पायरी

गोव्यात पथ्य अडते ते इथे. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या साधारण एक तृतीयांश चरबी असते आणि तिचा बहुतेक भाग संपृक्त असतो, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या जातीचा. सुक्या खोबऱ्यात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर जाते. खोबरेल तर जवळजवळ सगळेच संपृक्त. "नारळ झाडावरचा आहे, मग तो चालणारच" हा समज काढून टाकावा लागतो. नारळ वनस्पतीआहारात बसतो, पण हृदयाच्या पथ्यात तो मोजूनच बसतो.

मोजायचे कसे? चार माणसांच्या हुमणाला (नारळाच्या आमटीला) अर्धा नारळ लागत असेल तर आठवड्यात तो पाव नारळावर आणा, आणि ज्या माणसाचे पथ्य आहे त्याच्या वाट्याला दिवसभरात दोन मोठे चमचे किसापेक्षा जास्त येणार नाही असे बघा. एकदम बंद केलात तर घर बंड करील. रस्सा पातळ होऊ नये म्हणून वाटणात दुसरे काही घाला:

- एक मोठा चमचा भिजवलेले उकडे तांदूळ. हुमणाला हे सगळ्यात चांगले.
- शिजलेल्या अळसांद्यांचा किंवा चण्यांचा एक डाव, त्याच भांड्यातला. तोणाकाला दाटपणा येतो आणि प्रथिनेही वाढतात.
- गॅसवर अख्खा भाजलेला कांदा. शागोतीसारख्या काळपट रश्श्याला.
- फुटाण्याच्या डाळ्या, चटणीपुरत्या.

भाजलेले खोबरे कच्च्यापेक्षा जास्त बोलते. दोन चमचे खोबरे मंद आचेवर तांबूस होईपर्यंत कोरडे भाजून वाटले तर कच्च्या वाटीभर खोबऱ्याची उणीव फारशी जाणवत नाही. म्हणून पथ्याच्या घरात कच्च्या वाटणाचे पदार्थ आठवड्यातून एक-दोनदा आणि भाजलेल्या वाटणाचे जास्त वेळा ठेवा. सोलकढीऐवजी फुटी कढी करा: सोलांचे (सुक्या कोकमांचे) पाणी, ठेचलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हिंग. भातावर ती सोलकढीइतकीच छान लागते.

काजू आपल्याकडे मुबलक आहेत म्हणून त्यांचे वाटण करून नारळाची भरपाई करू नका. काजूतही चाळीस टक्क्यांच्या वर चरबी आहे. ती नारळाइतकी संपृक्त नसते, पण वजन कमी करायचे असेल तर भारीच. एप्रिलमधल्या ओल्या बिब्यांची, म्हणजे कोवळ्या काजूगरांची, भाजी मात्र जरूर खा. वर्षातून थोडेच दिवस मिळतात.

ताटातले नुस्ते गेले, बरोबर काय काय गेले

मासळी खाणारा माणूस शिवराक झाला की प्रथिनांबरोबर आणखी तीन गोष्टी हातातून जातात आणि घरात त्यांचा कोणी हिशेब ठेवत नाही.

पहिली, बी-१२ जीवनसत्त्व. वनस्पतीत ते भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या पिठातून मिळते, सोलांतून मिळते असे ऐकाल, त्यावर विसंबू नका. दूधही बंद असेल तर गोळी हवीच. किती मात्रेची, ते डॉक्टर रक्ततपासणी करून सांगतील. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी हे अजिबात टाळू नये, कारण त्या गोळीने बी-१२ आणखी उतरते. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा या तक्रारी उशिरा दिसतात आणि नसांचे झालेले नुकसान सगळे भरून येईलच असे नाही.

दुसरी, आयोडीन. समुद्राची मासळी ते देत होती. आता ते मिठातूनच येणार, आणि इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे: मिठागरातले गावठी जाड मीठ आयोडीनयुक्त नसते. त्याची चव मला प्रिय आहे आणि आपली मिठागरे टिकावीत असे मनापासून वाटते. पण वनस्पतीआहारावर असलेल्या माणसाच्या रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा. गावठी मीठ लोणच्याला, तोरांना (मिठात मुरवायच्या कैऱ्यांना) ठेवा. एकूण मीठ जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात मिस्कुट (कैरीचे लोणचे), चेपणीचे तोर, पापड आणि आगळ हे सगळे धरायचे. कोकम आगळ मीठ घालूनच टिकवलेले असते, म्हणून कढीसाठी सुकी सोलां धुऊन भिजवा.

तिसरी, ओमेगा-३. बांगडा आणि तारली यांच्या तेलात ते असते. झाडाकडून मिळणारे ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्यासारखा करून घेते, पण तेवढा तरी मिळायला हवा. रोज एक मोठा चमचा जवस भाजून, ताजे कुटून भातावर किंवा आंबिलीत घाला. अख्खे जवस तसेच पोटातून निघून जातात.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. सुक्या अळसांद्यांत, मुगात, कुळथात शंभराला २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दुपारी मूठभर आणि रात्री मूठभर, मिळून ९०-१०० ग्रॅम सुके कडधान्य, त्यावर भात, पोयी (कोंड्याचा पोकळ पाव), नाचणे आणि संध्याकाळचे मूठभर शेंगदाणे धरले की पन्नास सहज होतात. शीत (भात) आणि वाटीभर पातळ वरण यांवर मात्र होत नाहीत. शिवराक माणूस अशक्त होतो असे जे म्हणतात, त्याचे मूळ बहुतेक या पातळ वरणात असते.

सकाळ

उकड्या तांदळाची पेज ही पथ्याची उत्तम सुरुवात. तांदूळ उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात, म्हणून उकडा पांढऱ्या सुरयेपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) बरा. मिळाला तर खाजनातला, म्हणजे खाऱ्या जमिनीतला, कोरगुट तांदूळ घ्या. बाधा येते ती पेजेबरोबरच्या लोणच्यामुळे. त्याऐवजी सुकी मुगाची उसळ किंवा कालच्या तोणाकाचे दाणे घ्या. साखरेचा त्रास असेल तर नुसती पेज वाटीभरच आणि उसळ तिच्याइतकीच.

दुसरा पर्याय नाचण्याचा. नाचण्यात शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, आणि दूध बंद असलेल्यांना ते फार उपयोगी. तिझान, म्हणजे नाचण्याची गोड खीर, नारळाच्या रसात आणि गुळात शिजवण्याऐवजी आंबील करा: पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवा, सकाळी शिजवा, मीठ-जिरे आणि कुटलेले जवस घाला.

पोदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घ्यायचा तर कोंड्याची पोयी घ्या. आजकालच्या पोयीतही मैदा असतो, पण कोंडा आणि आतली पोकळी यांमुळे उंड्यापेक्षा (मैद्याच्या गोल पावापेक्षा) ती हलकी पडते. तिच्याबरोबर नेहमीची पातळ भाजी, तेलाचा तवंग सोडून. घरी पोहे असतील तर काकडी किसून दडपे पोहे होतात, तेलाची एक फोडणी पुरते.

चहा ही गोष्ट अवघड. दुधाचा सुटला की तीन-चार दिवस डोके दुखल्यासारखे होते. गवती चहा-आले घालून कोरा चहा करा, आणि जेवणानंतर लगेच मात्र घेऊ नका. चहातले टॅनिन कडधान्यातले लोह शरीराला मिळू देत नाही. उलट लिंबू, आंबाडा (आंबट फळ), ओली मिरची जेवणात असली की तेच लोह जास्त मिळते.

दुपारचे ताट आणि एक तोणाक

ताटाची मांडणी बदला: अर्धे ताट भाज्या, पाव ताट शीत, पाव ताट कडधान्य. शीताचा डोंगर आणि त्यावर कढीचे तळे ही आपली सवय, ती सोडायला दोन-तीन आठवडे द्या.

अळसांद्यांचे तोणाक चौघांना असे करा. २०० ग्रॅम अळसांदे रात्री भिजवा, सकाळी पाणी ओतून टाका आणि कुकरमध्ये मऊ शिजवा. भिजवलेले पाणी टाकले आणि दाणा पूर्ण शिजला तर पोट फारसे फुगत नाही. दोन कांदे गॅसवर अख्खे भाजा. तव्यावर कोरडेच दोन चमचे धणे, पाच-सहा सुक्या मिरच्या, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा भाजा, शेवटी दोन मोठे चमचे खोबरे तांबूस करा. हे सगळे कांद्यासकट आणि शिजलेल्या अळसांद्यांच्या एका डावासकट बारीक वाटा. एक चमचा तेलात हिंग, वाटण परता, दाणे घाला, दोन सोलां टाका आणि चांगली उकळी येऊ द्या. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. गूळ लागत नाही, भाजलेला कांदा पुरेसा गोड असतो. हेच वाटण काळ्या वाटाण्याला, चण्यांना आणि मशरूमला चालते.

नुस्त्याच्या हुमणाची आठवण फारच येत असेल तर लक्षात घ्या, बांगड्याच्या कढीचा तो वास निम्मा तेफळांचा असतो. सुरण किंवा टोफूच्या फोडी, आंबट सोलां, आणि उतरवताना ठेचलेली चार-पाच तेफळे. बी काढून टाका. सुरण सोलांच्या पाण्यात आधी उकळून घेतला की घशाला खाजत नाही. तेऱ्यांच्या (रानअळूच्या) भाजीत आंबाडे घालतात तेही त्यासाठीच.

तळलेल्या तुकडीच्या जागी फोडी. नीरफणस, वांगे, कच्चे केळे किंवा कोनफळ यांच्या बोटभर जाडीच्या चकत्या हळद, तिखट आणि सोलांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवा, जाड तव्यावर एक चमचा तेल पसरून झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. झाकणामुळे आतून शिजतात, शेवटी झाकण काढले की कड कुरकुरीत होते. हे ताटात असले की जेवण जेवण वाटते. पथ्य टिकवण्यात या एका पदार्थाचा वाटा मोठा आहे.

भाज्यांसाठी ऋतूच्या मागे जा. पावसात तायकिळो (टाकळा), कुडूक, तेरे, किल्ल (बांबूचे कोंब), फागलां (करटोली), सात शिरांचे भेंडे. हिवाळ्यात मुळा, तांबडी भाजी (लाल माठ), नवलकोल, आगशीची वांगी. शेवग्याचा पाला बारमाही आणि बहुतेक परसांत फुकट; त्यातही कॅल्शियम शंभराला ३०० मिलिग्रॅमच्या वर, आणि पालकासारखे ऑक्झॅलेट त्याला अडवत नाही. कोकणपट्ट्यात गोकुळाष्टमीला ही भाजी करतात, ती आठवड्यातून दोनदा करा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना "ही कशी करायची" असे नक्की विचारा. त्या सांगतात, आणि नीट सांगतात.

चार वाजताची भूक

बहुतेकांचे पथ्य दुपारी नव्हे, चार वाजता मोडते. मिरची भजी, समोसा, बटाटवडा, केळ्याचे बन, सगळे त्याच वेळी तळले जात असते. घरी काहीतरी तयार हवे, एवढाच उपाय आहे.

उकडलेले कंद हे आपले जुने चहाबरोबरचे खाणे: करांदे, कणगी, चिरके, रताळी. थोडे मीठ घातलेल्या पाण्यात सालीसकट उकडा. साखर असलेल्यांनी दोन तुकडे आणि बरोबर मूठभर फुटाणे. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली बिकणां (फणसाच्या बिया) राखेत किंवा तव्यावर भाजून पावसात खा. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या, बेगमीत सुक्या मासळीची जागा रिकामी होईल, तिथे बिकणां, कुळीथ आणि काळे वाटाणे भरा. मोड आलेले मूग, काकडी, कांदा, लिंबू यांची कोशिंबीर पाच मिनिटांत होते.

गोडाची इच्छा झाली तर केळे, चिकू किंवा पपईची फोड. दोदोल आणि पिनाग हे आपले गोड पदार्थ दुधाशिवायचे आहेत हे खरे, पण त्यांत गूळ आणि खोबरे किती असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बेबिंकेत अंडी आणि तूप दोन्ही.

रात्री हलके: कुळथाची पिठी आणि थोडे शीत, किंवा नाचण्याची भाकरी आणि मूगागाठी.

घराबाहेर

खानावळीत "शिवराक" म्हणून मागितलेल्या भाजीतही कधी सुकी सुंगटे (कोळंबी) किंवा गालमो (बारीक सुका जवळा) असतो, म्हणून ताट येण्याआधी विचारा. वरणावर तूप सोडू नका म्हणून सांगा. बनात दही असते. पुरी-भाजीऐवजी पोयी-भाजी मिळते. देवळातल्या महाप्रसादाचे जेवण पथ्याला सगळ्यात जवळचे: खतखते, वरण, भात, तोणाक. तिथे गोड आणि पापड नाकारा, बाकी निःशंक जेवा.

चवथीला पातोळी एक खा. हळदीच्या पानातल्या वाफेवर शिजलेला पदार्थ आहे, तळलेल्या नेवऱ्यांपेक्षा (करंज्यांपेक्षा) तो बरा. मणगण्यात (चणाडाळीच्या खिरीत) नारळाचा रस आणि गूळ जास्त, तेव्हा चमचाभर. आणि नातेवाईक आग्रह करतील तेव्हा "डॉक्टरांनी सांगितले आहे" एवढेच म्हणा, लांबण लावली की चर्चा होते.

एकाच घरात दोन ताटे

बाकी घर नुस्ते खाणार असेल तर रांधणाऱ्या बाईवर दुप्पट काम पडू देऊ नका. वाटण एकच करा, कमी नारळाचे. ते दोन भांड्यांत वाटा. एकात सुरण किंवा अळसांदे, दुसऱ्यात नुस्ते. पथ्याच्या भांड्याचे पळी-झाकण वेगळे ठेवा. त्यात मीठ कमी, घरच्यांनी हवे तर ताटात वरून घ्यावे. तेलाची महिन्याची बाटली पथ्याच्या माणसाची वेगळी ठेवलीत तर किती जाते ते डोळ्यांना दिसते. दिवसाला तीन चहाचे चमचे धरले तर महिन्याला अर्धा लिटर पुरते. तीन महिन्यांनी रक्त तपासा, त्यात कोलेस्टेरॉल आणि साखरेबरोबर हिमोग्लोबिन आणि बी-१२ही घ्यायला सांगा, आणि तो कागद घेऊन पथ्य लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडेच परत जा.